रिकामा तळहात

दादा,

रागातच लिहायला बसले आहे, तेव्हा 'सप्रेम' वगैरे राहू दे.

कराटेच्या कात्यातल्या ठरलेल्या हालचाली करताना कोपर आपल्याच दुसऱ्या तळहातावर आपटायचं, असं तू मला नऊ वर्षं शिकवलंस. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणालास, "आवाज छान येतो, परीक्षक खूश होतात." मी टाळ्या वाजवत राहिले. पदकंही आणली.

काल इथल्या क्लासच्या बाईंनी ते पाहून कपाळाला हात लावला. "अगं, तो तळहात म्हणजे समोरच्याचं डोकं! मानेमागून धर, ओढ, मग कोपर घाल. न धरता मारलंस तर तो मागे सरकणारच."

सरकतोच. मागच्या महिन्यात गोदामात मुकादमाने माझं मनगट धरलं, तेव्हा माझं कोपर हवेत गेलं आणि तो हसला. पॅकिंगच्या बायका धावून आल्या म्हणून निभावलं. त्याला कामावरून काढलंय, सूजही उतरली. आईला यातलं अक्षर सांगू नकोस. मी वेळेवर जेवते, एवढंच सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

मुलग्यांच्या बॅचला तू धरूनच मारायला शिकवायचास. मी खिडकीतून पाहिलंय. म्हणजे तुला माहीत होतं!

वहिनी लिहिते, तुमची छकुलीही आता तुझ्याकडे शिकते, टाळी अगदी खणखणीत वाजवते. हे पत्र मिळेल त्याच संध्याकाळी तिच्यासमोर गुडघे टेकून बस आणि तुझं डोकं तिच्या हातात दे.

तुझीच,
अजून धुमसणारी धाकटी