डाव्या खांद्याचा अर्धा इंच

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार (कात्री खाली ठेवली आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी अजून डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात का? इकडे आमच्या टाचणीच्या वाकड्या पाठीच्या ऑपरेशनला चार महिने झाले. कण्याला दोन सळ्या, त्यात सोळा स्क्रू, आणि पोरगी एका दिवसात दीड इंच उंच. (सगळे कपडे तोकडे झाले. असं नुकसान रोज होवो.)

आता सरळ झालेली पाठ टिकवायची आहे. हाडं एकमेकांना घट्ट धरेपर्यंत वाकायचं नाही, पिळायचं नाही, जड उचलायचं नाही. चालायचं मात्र रोज. मला राहवेना. डॉक्टरीणबाईंना विचारलं, स्क्रू गंजतात का? नाही म्हणाल्या. शिलाई मशीनच्या स्क्रूसारखे वर्षभरात ढिले होतात का? तेव्हा त्यांनी टाचणीलाच विचारलं, घरीही असंच असतं का? ती म्हणाली, "घरी तेलाची बुधली घेऊन मागे फिरतात." (खोटं आहे. एकदाच विचारलं होतं.)

तर झालं असं, शाळा पुन्हा सुरू होणार म्हणून मी तिला नवा शर्ट शिवला. तिने घातला, आणि खालची किनार डावीकडे अर्धा इंच वर! म्हटलं, कणा सरकला. तिला भिंतीला उभी केली. मग भिंतच वाकडी असेल म्हणून दाराला उभी केली. तुझी भावजय म्हणत होती, आधी शर्ट बघा. तीस वर्षं शिवतोय मी, माझा शर्ट काय बघायचा! तसाच दवाखाना गाठला. एक्स-रे झाला. डॉक्टरीणबाईंनी जुना-नवा शेजारी लावला, पट्टी ठेवली. तसूभर हललेलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांची नजर दारामागे हँगरला लावलेल्या शर्टाकडे गेली. डावा खांदा उतरलेला. "हा कुणी शिवला?"

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे शिवता येईना आणि पोर वाकडी!

ताई, दोन वर्षं मी तिचा डावा खांदा अर्धा इंच उतरता कापत होतो आणि आत पॅड घालत होतो. पोरीचा उतरलेला खांदा कुणाला दिसत नाही म्हणून वर स्वतःवर खूश. साऱ्या जगाला प्रश्न विचारणारा मी, हा खांदा असा का, हे एकदाही विचारलं नाही. त्याची फार लाज वाटते. पोर सरळ झाली, माझा हात तसाच राहिला. त्यानंतरचे तीन शर्टही वाकडेच झाले. बाकी सगळं ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. टाचणीचा शाळेच्या समारंभाचा ड्रेस तू शिव. कात्री धरायला मला तूच शिकवलंस. मापं सोबत आहेत. आत्यालाच हौस आहे, असं तिला सांगितलंय.

ता. क. २ (टाचणीकडून. पत्र टाकायला मी निघाले आहे, तेवढंच चालणं होतं): आत्या, शिवू नकोस. बाबा रोज दुपारी जुन्या चादरींवर डावे खांदे कापत बसतात. कालचा अर्धा इंच नाही, फक्त एक सूत चुकला. मला ड्रेस त्यांच्याच हातचा हवा आहे, वाकडा झाला तरी. तुझे गुडघे फार दुखतात आणि मशीन चालवता येत नाही, एवढं बाबांना कळव.