खंजेरीचा माईक

नवेगाव बांध
दि. १८ सप्टेंबर २०२५

प्रिय हिरालाल,

सप्रेम जय भीम.

उत्तराला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुझं पत्र धानाच्या रोवणीत आलं. आधी चिखल, मग गुडघा, मग पेन सापडेना. रुख्मा म्हणते, "पेन खिशातच होता. तुमची हिंमत नव्हती सापडून राहिली." बायको आहे, बोलणारच. भिलाईची हवा मानवते का? तुझ्या प्रफुल्लच्या घरी जिना आहे म्हणतात. कठडा धरून उतरत जा. रात्री तर उतरूच नकोस.

विचारायचं होतं खंजेरीच्या माईकचं. तू जन्मभर माईकसमोर गायलास, तुला कळेल. आश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावास समाप्तीचा कार्यक्रम आहे. आता तुझ्या जागी माझ्या पुतण्याची पोरगी मोनाली गाते. आवाज चांगला आहे, पण बिनतारेचा माईक घेऊन स्टेजभर फिरते. मागे माझी खंजेरी पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही. तीच म्हणाली, "का गा आजा, वाजवून राहिला का नुसता हात हलवून राहिला?"

मग सडक अर्जुनीच्या साउंडवाल्या मुन्नाला बोलावलं. त्याने चिमट्याचा लहान माईक खंजेरीच्या कडेलाच लावला. नुसती झांजांची छनछन, थाप कुठेच नाही. मग स्टँडचा दिला. मी वाजवताना डुलतो, तुला ठाऊक आहे. मागे गेलो की आवाज गायब, पुढे आलो की कर्ण्यातून शिट्टी. मुन्ना ओरडला, "काका, हिलो मत!" न हलता खंजेरी कशी वाजवायची, तूच सांग.

शेवटी सदऱ्याला कॉलर माईक लावला. गेल्या रविवारी विहारात त्यावरच वाजवलं. थापही ऐकू गेली, झांजाही. वाटलं, जमलं.

दुसऱ्या गाण्यात लोक हसू लागले. मी आधी धोतर चाचपलं. मोनाली थांबली, वळून म्हणाली, "आजा, हिरालाल आजा कुठी आहे इथं?"

तेव्हा समजलं. प्रत्येक कडव्याआधी मी तोंडातल्या तोंडात म्हणत होतो, "हिरालाल, दम घे." ते सगळं कर्ण्यातून गावभर जात होतं. ही सवय मलाच ठाऊक नव्हती. तुला ऐकू यायचं का रे? कधी बोलला नाहीस.

मी मान खाली घातली. बायकांतून मंदाबाई ओरडली, "तं बोलवा ना त्याले! कायले चूप बसून राहिले?" लोकांनी टाळ्या वाजवल्या, हिरालाल. तुझ्या नावाला.

घरी आल्यावर डोक्यात आलं, की खंजेरीला आजवर माईक लागलाच नव्हता. मी तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचो आणि तुझ्याच माईकात माझंही वाजणं जायचं. तुझी छाती भरली की माझी थाप पडायची. मोनालीची मला फक्त पाठ दिसते.

आता लिहितोच. ललितावहिनीचं नाव या पत्रात काढणार नव्हतो. त्या गेल्या आणि तू गाणं सोडलंस. आवाज गेला, खंजेरी आता दुसऱ्या कोणासाठी वाजव, असं तू लिहिलंस. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना, म्हणून उशीर झाला. पण प्रफुल्लच्या बायकोने रुख्माला फोनवर सांगितलं, नातवाला झोपवताना तू गुणगुणतोस आणि पोरगं झोपायचं सोडून ऐकत बसतं. गेलेला आवाज असा असतो का?

एकच गाणं गा. बसून, आपल्या सतरंजीवर. पट्टी खाली घेऊ, मोनालीने पेटी वाजवायचं कबूल केलं आहे. मध्येच अडलास तर मी वाजवत राहीन, कोणाला कळणार नाही.

मुन्नाला आधी सांगावं लागतं. तू येत असशील तर बुटका स्टँड आणि आपल्या दोघांमध्ये एकच माईक. नसशील येत, तर मला कॉलरवाला घ्यावा लागेल आणि तोंड आवळून वाजवावं लागेल. ते मला जमेल असं वाटत नाही.

गोंदियाला स्टेशनवर मी स्वतः येतो. गाडीतून उतरायची घाई करू नकोस. मुन्नाला काय सांगू, तेवढं लवकर कळव.

तुझ्या गुडघ्याशेजारचा,
मनसाराम