फेट्यापायी गेलेली विहीर

आप्पा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मेलेल्या बापावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत. विहीर तुम्ही घालवलीत आणि पाण्यासाठी वणवण आईची न् माझी झाली. बाहत्तरच्या दुष्काळात साऱ्या वाडीच्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हाही आपल्या विहिरीत घागर बुडत होती. ती विहीर तुम्ही एका फेट्यावरून ओवाळून टाकलीत.

दुष्काळ सरला आणि जमिनीखाली तेल न् गॅस शोधणारी ती कंपनी आली. साहेबाला कुणीतरी चांगलं पढवून आणलं होतं. देवळासमोर गाव जमवून त्यानं तुम्हाला फेटा बांधला, हातात नारळ दिला, तालुक्याचं भूषण म्हणाला. तुम्ही असे फुललात की विचारू नका! जमिनीत भोक पाडायच्या मशीनला पाणी लागतं, म्हणून ते थेट आपल्या विहिरीच्या काठालाच उभं करायचं ठरलं. आई दारातून म्हणाली, "आवो, भोक विहिरीपासनं लांब पाडा म्हणावं. आन् पाणी गेलं तर कोण भरून देणार, ते लिवून घ्या." तुम्ही तिच्यावर खेकसलात, "ज्यानं चार माणसांत फेटा बांधला त्याच्याकडं कागद मागू व्हय? तू चुलीकडं बघ."

आपल्या बांधाला लागून बौद्धवाड्यातल्या मामांचं रान, त्यात त्यांची विहीर. मामा म्हणायला आम्ही फार उशिरा शिकलो. त्यांच्याकडंही फेटा गेला होता. ते म्हणाले, "फेटा ऱ्हाऊ द्या सायेब. रान माझं हाय. विहिरीपासनं लांब पाडणार आन् नुकसान भरून देणार, आसं सहीशिक्क्यानिशी लिवून द्या. न्हाईतर मशीन बांध वलांडायचं न्हाई." साहेबानं मुकाट लिहून दिलं. तुम्ही पारावर बसून हसत होतात, "रान बघा केवढं, आन् तोरा बघा!"

मशीन घरघरत राहिलं. एका सकाळी आई पोहरा ओढते तर पाणी राखेसारखं गढूळ. मग ते खाली खाली गेलं आणि झरेच बंद झाले. कंपनीला काही सापडलं नाही, ती गेली निघून. तुम्ही तोच फेटा बांधून कंपनीच्या शिरूरच्या ऑफिसात गेलात. लेखी काय आहे, एवढंच त्यांनी विचारलं. घरी येऊन तुम्ही फेटा खुंटीला टांगलात.

ज्या माणसांना तुम्ही आपल्या विहिरीच्या पायरीला पाय लावू दिला नव्हता, त्यांच्या विहिरीवर आम्ही मायलेकी हंडे घेऊन उभ्या. मी मान वर करत नव्हते. मामा म्हणाले, "भर की पोरी, पानी हाय." तुमचा विषयसुद्धा काढला नाही. काढला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ते पाणी तुम्ही प्यालात, त्यानं आंघोळ केलीत, आणि मामा बांधावर दिसले की तोंड फिरवलंत. मरेपर्यंत! लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला?

परवा रानातून गॅसचा पाइप न्यायला दुसऱ्या कंपनीची माणसं आली. सातबाऱ्यावर आता माझं नाव आहे. मोजणी नाही, कागद नाही, आधी शाल आणि नारळ. "ताई, तुमच्यासारख्या प्रगतिशील शेतकरी..." मी म्हटलं, "कागद आणा. शेजारच्या विहिरीपासून लांब खणणार, हे पहिलं लिहा. नुकसानीचं त्याच्या खाली." त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मामा आता नाहीत, पण त्यांच्या विहिरीला अजून पाणी आहे.

हे तुम्हाला पाठवायचं कुठं, आणि पाठवलं तरी तुम्ही ऐकून थोडंच घेणार? फक्त एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. तो माणूस शाल उलगडत पुढं आला, तेव्हा आळीतल्या बाया बघत उभ्या होत्या. कागदाचं मी बोलले, पण ते नंतर. आधी माझी मान आपसूक पुढं झाली होती, आप्पा.