दहीभाताआधी

अप्पा,

चेन्नईतल्या वेलचेरीच्या या फ्लॅटमध्ये दुपारी कुणी मराठी बोलत नाही, कारण दुपारी इथं माझ्याशिवाय कुणी नसतंच. सकाळी कामवाली येते, तिच्याशी तमिळ. लिफ्टमध्ये शेजारचे भेटले तर इंग्रजी. आपली भाषा उरली ती तुमच्याशी बोलायला, आणि तुम्हाला जाऊन तर जन्म लोटला. अम्माही गेली. म्हणून लिहायला बसले. हे पाकिटात घालायचं नाही, पत्ता कुठला लिहू?

नये पैसे आले तेव्हा आपल्या मैलापूरच्या ओट्यावर कशी गर्दी व्हायची, आठवतं? आण्यांचे नये पैसे करून द्या म्हणून अख्खी गल्ली तुमच्याकडे. जॉर्ज टाउनमधल्या घाऊक किराणा दुकानात तुम्ही बिलं लिहायचात, त्यामुळं तुमचा शब्द शेवटचा. काय ती ऐट! "ओळ पुरी केल्याशिवाय खाली उतरायचं नाही," असं सगळ्यांना बजावायचात. आण्यांच्या हिशेबात जन्म गेला तुमचा, तिथं ते चालून गेलं. इथं तेच नडलं. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे. तुम्ही प्रत्येक ओळीचे वेगळे पैसे करायचात आणि पाव-अर्धा उरला की पुरा पैसा धरायचात. खरं तर सगळी बेरीज आण्यांत करून शेवटी एकदाच बदलायला हवं होतं. एका ओळीत कुणाचं काय जातंय? पण तुमच्याकडून माल घेणाऱ्या होस्टेलची, दवाखान्याची बिलं लांबलचक, महिन्यामागून महिने. तुमच्या मनात पाप नव्हतं, हे मी कुणाहीसमोर सांगेन.

मी तेव्हा मुलींच्या होस्टेलच्या ऑफिसात बिलं तपासायचे. चूक सापडली तेव्हा आधी आनंदच झाला मला. मग अक्षराकडे लक्ष गेलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर किती बरं झालं असतं, अप्पा!

मला दम म्हणून नव्हताच कधी. तशीच घरी आले. तुम्ही जेवायला बसलेले. सांबार झालंय, रसम झालंय, अम्मा दहीभात कालवतेय. दहीभाताशिवाय तुमचं जेवण पुरं होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी चपला काढून थेट स्वयंपाकघरात येते आणि बिल तुमच्यासमोर धरते. "हे बघा, प्रत्येक ओळीत जास्त लागलेत." अम्मा ओरडते, "अगं, जेवू दे की त्यांना!" तुम्ही डाव्या हातानं कागद घेता, ओठ हलवत खालपर्यंत जाता. मग पानावरून उठता, हात धुता आणि म्हणता, "बरोबर आहे तुझं. वॉर्डनबाईंना सांग, पैसे परत मागा म्हणावं." आवाज जरासुद्धा चढला नाही तुमचा. चढला असता तर मीही भांडले असते.

होस्टेलचे पैसे परत आले. ते ऐकून एक दवाखाना आला, मग एक अनाथाश्रम, मग एक शाळा. मी नोकरी सोडली आणि आपल्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. जुनी बिलं तपासायची, जास्त गेलेलं परत मिळवून द्यायचं, त्यातला थोडा वाटा माझा. बाई असून दुकानदारांशी हुज्जत घालते म्हणून लोक बघायला यायचे. बघेनात का! पण त्यातली बरीचशी बिलं तुमच्याच दुकानाची निघाली. शेवटी मुदलाळींनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, तुम्हाला बोलावलं. आपल्या मराठी माणसांना ते रायरच म्हणायचे. "रायरे, बाप लिहितो आणि लेक परत मागते, हे दुकान चालवायचं कसं?" तुम्ही पेन खिशाला लावलंत आणि कायमचे घरी आलात.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला सोडत नाहीत. तुम्ही समोर बसून बिल मोठ्यानं वाचायचात, मी खूण करायचे आणि म्हणायचे, "पुढं." तुमचीच बिलं, तुमच्याच तोंडून. एक ओळ गाळली नाहीत की पुटपुटला नाहीत. आज तरी काही बोलाल, शिव्या द्याल, शाबास म्हणाल, याची मी वाट बघायचे. एकदा न राहवून विचारलंच, "अप्पा, माझा राग आलाय?" तुम्ही कागदावरून मान वर न करता म्हणालात, "खूण कर, ओळ निसटेल." पुढच्या मार्गशीर्षात तुम्ही गेलात आणि ते उत्तर तसंच राहिलं.

माझं बरं चाललं. ऑफिस झालं, माणसं ठेवली, पुढं पार श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांची बिलं माझ्याकडे आली. लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ आलं होतं. मुलाची आई म्हणाली, ही आमच्या घरचीही बिलं काढून बसेल. मी आणि अम्मा पोट धरून हसलो, आणि नंतर अम्मा रडली. आता हसायलाही दुसरं कुणी नाही. अजून एखादं बिल मोठ्यानं वाचते आणि "पुढं" मीच म्हणते.

त्या दिवसानंतरही तुम्ही रोज जेवलात, दहीभातही खाल्लात. मला मात्र ते एक अर्धं राहिलेलं पान दिसतं. खरं सांगू, अप्पा? ते बिल आज पुन्हा हाती आलं तरी मी घरीच आणीन, तुमच्याचसमोर धरीन. त्यात माझं चुकलं असं मला अजून वाटत नाही. फक्त दारात उभी राहीन, तुमचा दहीभात होईपर्यंत.