सैफूची झोप

किन्हीराजा, ३ मार्च १९३८

मी पुन्हा जागा आन सैफू ढाराढूर! इंटरची परीक्षा पंधरा दिवसांवर. त्याचा बाप पिंजारी, घरात दिवसभर रुई पिंजणं चालते, म्हणून मायनंच त्याले आमच्या माडीवर अभ्यासाले बोलावलं. नऊ वाजले की हा पुस्तक मिटते, भिंतीकडे तोंड करते — संपलं. मी शेंडी खुंटीले बांधून तीन वाजेलोक बसतो. आन अमरावतीच्या कॉलेजात पहिला नंबर कोनाचा? त्याचा. जळतो मी त्याच्यावर. कागदापासून काय लपवायचं.

५ मार्च

एकच पान सात वेळा वाचलं. डोक्यात काही नाही. माय म्हणे, “सैफू पाह्य कसा ताजा दिसते. आन तुह्या डोळ्याखाली खड्डे पडले बाप्पा.” जायफळ उगाळून दूध देल्लं. काही फरक नाही.

९ मार्च

“घोरतं तू,” म्हणून उगाच त्याच्या अंगावर गेलो. तो हसला. “मले शेंडी नाही ना शालिग्राम, म्हणून झोप येते.” मायही हसली!

त्याच्या बापानं, निजामुद्दीनचाचानं, माही गादी उसवून नव्यानं पिंजून देल्ली. सैफूनंच सांगतलं होतं म्हणे. चाचा म्हणे, “रुई बसली होती. आता लागते पाह्य झोप.” मऊ झाली खरी. तरी रातभर टक्क जागा. वरून उपकार आन त्याचे!

१० मार्च

जागाच.

१६ मार्च

उद्या सकाळी सहाची मोटर, अमरावतीले. परवा पहिला पेपर. सैफू म्हणे, “तू तं जागाच रायतं. मले पाचले उठवजो.”

नाही उठवत. ठरलं. हळूच निघून जाईन. माय-बाबा मानोऱ्याले लग्नाले गेले, घरात दुसरं कोनी नाही. पुढची मोटर परवाच. पेपर बुडला की त्याचा नंबर गेला.

लिहिलं आन कसं हलकं वाटून राह्यलं.

१७ मार्च, मोटरीत

मलेच झोप लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, मेल्यावानी. सैफूनं हलवलं तवा ऊन पायावर आलं होतं. तो पाचले आपसूक उठला होता. ड्रायव्हरच्या हातापाया पडून घंटाभर मोटर थांबवली त्यानं.

“इतक्या दिवसानं झोपला होता, उठवाले जीव नाही झाला,” म्हणे. “अब्बाले सांगीन, गादी लागू पडली.”

आता माह्या खांद्यावर डोकं टाकून झोपला हाय.

गादीनं नाही आली झोप. कायनं आली, ते मागच्या पानावर हाय.