वृद्ध वळूचा उपवास

॥ श्री ॥

चि. मार्तंड यास थोरल्या बंधूचे अनेक आशीर्वाद.

भगवत्कृपेने हैदराबादेत लेकीकडे माझे ठीक आहे. खोकलाही ओसरला आहे.

प्रणिताच्या प्रयोगशाळेत कमी खाणाऱ्या म्हाताऱ्या उंदरांचे वीर्य अधिक काळ सकस राहिले, हे ऐकून तिकडे राहाता गावी तू आपल्या वृद्ध वळूला एकभुक्त ठेवलेस, असे तुझ्या सौ. दमयंतीने फोनवर कळवले. प्रणिता हसून म्हणाली, "बाबा, काकांना सांगा, माझे उंदीर एकादशी धरत नाहीत! त्यांचा आहार थोडाच घटवला होता. फार उपाशी ठेवलेल्यांचे वीर्य उलट खालावले. शिवाय वळू म्हणजे काही उंदीर नव्हे."

शास्त्रही मिताहार सांगते, उपासमार नव्हे. वळूच्या बरगड्या दिसू लागल्या आहेत का?

गुरांना वैरण घातल्यावाचून आपण जेवायचे नाही, हा आपल्या घरचा नेम. तू तो मोडणारा नव्हेस. म्हणजे तूही एकदाच जेवत असणार, आणि तुला तर मधुमेह. दमयंती हे बोलली नाही, पण तिचा आवाज मला समजतो.

यापुढे वासरे झाली नाहीत तरी चालेल. हे पत्र मिळेल त्याच संध्याकाळी वळूपुढे वैरण टाक आणि लगेच स्वतः पानावर बस.

हे पत्र वाचणाऱ्या सर्वांस अन्न, आरोग्य आणि समाधान लाभो.

तुझा,
दादा