डॉक्टरांच्या बोटीचे विंच

बाबा, तुमचे दोन्ही विंच गेल्या आठवड्यात आपल्या घरी आले. आपल्या म्हणजे नव्या घरी. नायगावची चाळ पाडली, तिथे टॉवर उभा राहिला आणि त्यात वरच्या मजल्यावर मला जागा मिळाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वेकडे बंदराची एक पट्टी दिसते. तुम्ही असतात तर तिथून हलला नसतात, चहासुद्धा उभ्यानेच घेतला असतात. विंच मी ओट्याखाली वर्तमानपत्रावर ठेवलेत, तुम्ही ठेवायचात तसेच. दिसायला तेच, पोह्यांच्या डब्याएवढे पितळी ढोल, फक्त वरचं क्रोम पार उडालंय. शिडाची दोरी त्यांच्याभोवती गुंडाळायची आणि हँडल फिरवून ताणायची, एवढं त्यांचं काम, हे मला पाठ आहे. पण ते काम होताना मी कधी पाहिलेलं नाही. जिने पाहिलं, तिनेच ते आणून दिले, आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

गिरणी बंद पडल्यावर बोटी चालवणाऱ्या गावाकडच्या एका तांडेलाने तुम्हाला गेटवेच्या बाजूला नेलं, चौपाटीजवळ राहणाऱ्या एका डॉक्टरांच्या शिडाच्या बोटीवर. गिरणीतला फिटर बोटीवर जाऊन काय दिवे लावणार, असं आईला वाटत होतं. तुम्ही मात्र रविवारचे जे जायला लागलात ते शेवटपर्यंत. पावसाळ्यात बोट काठावर ओढून ठेवलेली असायची. पाऊस ओसरला की तुम्ही विंच सोडवून, गोणपाटात गुंडाळून बसने घरी आणायचात. एका खोलीत आपण सगळे, त्यात हे दोन पाहुणे. 'घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं' असं म्हणत आई भांडी आपटायची. "ह्या घर आसा काय गॅरेज?" असंही विचारायची आणि उत्तराची वाट न बघता तुमच्यासाठी जुनी वर्तमानपत्रं अंथरायची. त्या दिवसांत भाकरीलासुद्धा रॉकेलचा वास यायचा. मला तो आवडायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही.

एक वर्ष अजून दिसतं: मी शाळेत आहे, तुम्ही भिंतीला पाठ लावून बसलेले आहात. एकेक भाग निघेल त्या क्रमाने कागदावर मांडताय, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. मला मात्र रॉकेलने धुवायला परवानगी आहे. दाताचं चाक, छोट्या स्प्रिंगा आणि ते चिमुकले कुत्रे. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तेच, दातांत अडकून चाकाला उलटं फिरू न देणारे, कट कट वाजणारे. त्या दिवशी तुम्ही विडी ओढायला गॅलरीत गेलेले असता आणि मी सगळं धुऊन, पुसून वर ग्रीसही लावते. चाकाला लावते तसंच कुत्र्यांनाही, चांगलं बोट भरून, लाडू वळताना तूप घ्यावं तसं. तुम्ही परत येता, खाली वाकून बघता. तोंडभर कौतुकाची मी वाट बघते आहे.

"कुत्र्याक ग्रीस घालू नको," तुम्ही म्हणता. "ग्रीस घातलंस तर कुत्रो निजता. आणि तो निजलो काय हँडल उलटा फिरान माणसाचो हात मोडता."

मग ते सगळं पुन्हा रॉकेलमध्ये. पुन्हा कोरडं पुसणं, आणि कुत्र्यांच्या वाट्याला शिलाई मशीनच्या तेलाचा फक्त एक थेंब. तुम्ही आवाज चढवला नव्हता, पण मला ते इतकं लागलं की जेवताना मान वर केली नाही. खंडेनवमीला विंच पाटावर बसले, गिरणीतल्या पान्यांच्या शेजारी, दादरहून आणलेल्या झेंडूच्या माळा घालून. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तुम्ही ते घेऊन निघालात तेव्हा मी चपला घालून दारात उभी होते. मलाही न्या म्हटलं. "थंय तुझा काय काम?" एवढं बोलून तुम्ही जिना उतरलात. पुढे दरवर्षी मी विचारलं आणि दरवर्षी तेच ऐकलं. शेवटी विचारायचं सोडून दिलं आणि फिटरचा कोर्स केला. तेव्हा तुम्ही तुमचा लांब चोचीचा तेलाचा डबा माझ्यापुढे ठेवलात. आज मी आयटीआयमध्ये फिटरच्याच वर्गाला शिकवते, आणि तो डबा अजून ठिबकत नाही.

तर ती आली. डॉक्टरांची मुलगी. माझ्याच वयाची, केस पिकलेले, ते न लपवणारी, उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. लग्न होऊन बाहेर होती, वडील गेल्यावर परतली, बोट तिच्याकडे आली. आता ती बोट एकटीच चालवते म्हणे. चाळीचा पत्ता घेऊन नायगावात फिरली, चाळ जागेवर नाही, मग सोसायटीच्या ऑफिसात तुमचं नाव सांगून माझं दार शोधलं. विंच दगा द्यायला लागलेत, दोरी ताणलेली असताना हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं, हे तिने सांगितलं. हल्लीचा मेकॅनिक म्हणतो, हे भंगारात टाका, नवे बसवा. नवे स्वतःच दोरी धरून ठेवतात, दुसरं माणूस लागत नाही. तिचं मन होईना. तू बघून सांग, म्हणाली, तू काकाची मुलगी आहेस. पहिल्या भेटीत मला अरेतुरे. आणि तुम्हालासुद्धा. काका असा होता, काका तसा बोलायचा. मी जन्मभर तुम्हाला अहोजाहो करत राहिले आणि ही तुमच्या गळ्यात पडल्यासारखी बोलत होती.

मी विचारलं, जुन्या विंचला दुसरं माणूस कशाला लागतं? मला ठाऊक होतं, तरी विचारलं. ती खुलली. एकाने हँडल फिरवायचं आणि दुसऱ्याने मागून दोरीचं टोक ओढून धरायचं. काका फिरवायचा, टोक माझ्याकडे. मग तिने मोबाइलवर जुना फोटो दाखवला. तुम्ही दोन्ही हातांनी हँडल धरून वाकलेले, मागे दोन वेण्यांची ती दोरी धरून रेललेली, आणि तुम्ही हसताय. दात दिसताहेत, बाबा. तुमचा वरचा एक दात आडवा होता, तो मी त्या फोटोत पहिल्यांदा नीट पाहिला. आमच्या वाट्याला रविवारी संध्याकाळी थकलेला, खारट अंगाचा, जेवून लगेच आडवा होणारा माणूस यायचा. हसणं तिकडेच सांडून येत होतात तर. बाप माझा, आणि आयत्या बिळावर नागोबा ही. चहा ठेवते म्हणून मी आत गेले आणि साखर दोनदा घातली.

चहा पिताना ती घरभर बघत होती. म्हणाली, लहानपणी तिला काकाचं घर बघायचं होतं, विंच कुठे धुतात ते बघायचं होतं. दरवर्षी हट्ट करायची. "काका कधी न्यायचाच नाही," ती म्हणाली, आणि तुमचा हेल अगदी बरोबर काढून म्हणाली, "थंय तुझा काय काम?"

मला वाटत होतं, निदान तुमचा नकार तरी माझा एकटीचा आहे. तोही तुम्ही आम्हा दोघींत वाटलात.

ती गेल्यावर मी विंच उघडले. रॉकेल आता मिळत नाही, बाटलीत डिझेल आणलं. झाकण काढलं, ढोल उचलला, आणि आत नुसता लोण्याचा गोळा. वर्षानुवर्षांचं ग्रीस, थरावर थर, आणि त्यात तुमचे कुत्रे गाढ झोपलेले. दाताचं चाक बघितलं, झिजलेलं नाही. स्प्रिंगा ठणठणीत. विंच म्हातारे झालेच नव्हते. मी तिला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ग्रीस कोण लावतं? मीच, ती म्हणाली. काकाने विंच कधी उघडून दाखवले नाहीत, ते तो घरीच करायचा. ती नंतर व्हिडिओ बघून शिकली. दरवर्षी दसऱ्याआधी न चुकता भरपूर ग्रीस लावते, काकाची आठवण म्हणून.

फोन ठेवून मी भाग निघाले त्या क्रमाने कागदावर मांडले. तिच्याकडे तुमचे रविवार होते, तुमचं हसू होतं, दोरीचं दुसरं टोक होतं. पण कुत्र्यांचं तुम्ही तिला सांगितलं नव्हतंत. ते रॉकेलमध्ये हात बुडवलेल्या मुलीलाच सांगावं लागलं. तेव्हा मनात आलं, हिला सांगावं की विंच कामातून गेले, नवे बसवून घ्या. नवे तिच्या सोयीचेच आहेत, माझं खोटं कधी उघडही पडलं नसतं. आणि तुमचे विंच कायमचे माझ्या ओट्याखाली राहिले असते. दोन दिवस मी हा विचार चघळला. पण पडलेलं काम बघून हात स्वस्थ बसत नाहीत, ही तुमचीच खोड. धुतले, कोरडे पुसले, तुमच्या डब्यातून एकेक थेंब दिला. बोटाने ढोल फिरवला तर सगळं घर कट कट वाजलं.

आज खंडेनवमी. विंच पाटावर आहेत, झेंडू घालून. उद्या ती न्यायला येईल. सकाळी फोनवर मी तिला सांगितलं की विंच चांगले आहेत, आत मळ साचला होता. पुन्हा स्वतः उघडायचे नाहीत, दरवर्षी पाऊस संपला की माझ्याकडे आणून द्यायचे. ती खूश झाली. मग म्हणाली, तूही चल ना, टोक धरायला कुणीतरी हवंच आहे. बघू म्हटलं. आणि शेवटी तिने विचारलं, "काका नेमकं काय करायचा गं, की ते इतकी वर्षं टिकले?"

"काही नाही," मी म्हटलं. "नुसते पुसायचे."

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. उद्या विंच गुंडाळायला कागद कमी पडणार आहे, पण त्यात हा पत्राचा कागद जाऊ देणार नाही, तिच्या हाती लागेल. तिचा हात आता मोडणार नाही, ती काळजी मी घेतली आहे. उद्या कदाचित चपला घालून तिच्याबरोबर उतरेनही. पण कुत्र्यांचं तुमचं ते वाक्य तिला सांगणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. ते तिला मिळालं नव्हतं हे फोनवर कळलं तेव्हा, बाबा, मला आनंद झाला. इतका आनंद तुमच्या कुठल्याच कौतुकाने झाला नसता.